रिकाम्या वर्तुळाने घेतलेला निर्णय

मी संध्याकाळी ऑफिसातून घरी आले, की चपला काढायच्या आत सासूबाई विचारायच्या, ‘‘थांबला काय गो ता युद्ध?’’

कुठलं युद्ध, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सून शांततेच्या ऑफिसात कामाला आहे, म्हणजे रोज थोडं थोडं युद्ध थांबवूनच घरी येत असणार, अशी त्यांची समजूत. ‘‘नाही हो आई, आज पंख्यावर चर्चा झाली,’’ असं मी खरं ते सांगून टाकायची. मग त्या माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायच्या. ‘‘जांव दे. दमलंस. चाय घे.’’

यंदा मी निवृत्त झाले. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत निम्म्या लोकांना अजून वाटतं की मी कुठल्यातरी वकिलातीत होते आणि उरलेल्यांना वाटतं की मी योगाचे वर्ग घेते. तेव्हा या निमित्ताने एकदाचं सांगून टाकते.

आमची संस्था आंतरराष्ट्रीय. जिथे दोन बाजू एकमेकांच्या जिवावर उठल्या आहेत, तिथे आम्ही निःशस्त्र माणसं पाठवतो. त्यांनी तिथे जाऊन काय करायचं? उभं राहायचं. दिसायचं. बाहेरचं माणूस बघतंय म्हटल्यावर हात उगारणारा जरा थबकतो, एवढीच आमची विद्या. हसू येतं ना? पण ती चालते. चाळीत नळावर दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बेतात असतात आणि तेवढ्यात कुणाचे तरी पाहुणे जिना चढून येतात. दोघीही पदर सारखा करून ‘या, या’ म्हणतात की नाही? आम्ही ते पाहुणे पुरवायचो.

आता असे पाहुणे कुठे पाठवायचे, कधी, किती, हे ठरवणार कोण? तर सगळे मिळून. आमच्याकडे मतदान नाही. मतदान केलं की एक बाजू हरते, आणि हरलेली बाजू घरी जाऊन काय करते ते जगाला माहीत आहे. म्हणून सहमती. सगळ्यांनी गोल बसायचं. प्रत्येकाच्या हातात तीन कार्डं. हिरवं म्हणजे मान्य. पिवळं म्हणजे शंका आहे, अजून बोलू. लाल म्हणजे मी हे होऊ देणार नाही. एकाने जरी लाल दाखवलं, तरी ठराव बारगळला. फक्त लाल दाखवणाऱ्याने कारण द्यायचं. आणि ज्याला ठराव पटत नाही पण मोडताही घालायचा नाही, त्याने ‘बाजूला बसायचं’. म्हणजे अक्षरशः आपली खुर्ची उचलून वर्तुळाबाहेर भिंतीशी न्यायची. शेवटी थोडा वेळ मौन. मौनात वर्तुळातून लाल कार्ड आलं नाही, तर ठराव मंजूर. मंजूर झाल्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत, कारण न वाजवणाऱ्यावर दडपण येतं. दोन्ही हात वर करून नुसती बोटं हलवायची.

माझं काम वर्तुळ मांडायचं, फळ्यावर कुठला मुद्दा उघडा आणि कुठला बंद हे लिहायचं आणि शेवटी निकाल जाहीर करायचा. आम्हा नोकरदारांना कार्डं नसत. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम मला राखावा लागे. एक मुद्दा दुसऱ्याला लागून असेल, तर आधीचा मुद्दा बंद झाल्याशिवाय पुढचा बंद करता येत नाही.

माझे यजमान अरविंद आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. मी हे सगळं त्यांना पहिल्यांदा समजावलं तेव्हा ते पोट धरधरून हसले. ‘‘अगं, ‘सर्वानुमते मंजूर’ हे मी सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवतो. सभेत नुसता आरडाओरडा होतो. तुमचे लोक खरंच सगळ्यांना विचारतात? वाट लागेल यार तुमची!’’

वाट लागायचीच. आमचं आशिया खंडाचं ऑफिस घाटकोपरला, एका फरसाणवाल्याच्या वर दुसऱ्या मजल्यावर. तिथला पंखा. एका थंड देशातून आलेले लार्स, उंच, सौम्य, वयाचा पत्ता न लागू देणारे, त्यांना तो पाचवर हवा. बोरिवलीच्या कुलकर्णीबाई, निवृत्त प्राध्यापिका आणि आमच्या भारतातल्या प्रतिनिधी, त्यांना सायनस. त्यांना तो बंद हवा. मुद्दा उघडला. मी फळ्यावर लिहिलं, ‘पंखा’. तो तिथेच राहिला. मधल्या काळात पंखा कुणालाच नको असलेल्या दोनवर फिरत राहिला.

पुढे अंधेरीला छान जागा मिळत होती. लिफ्टची इमारत, समोर बसथांबा. सगळ्यांची हिरवी कार्डं वर गेली. माझं काळीज नाचायला लागलं. तेवढ्यात लार्स अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘‘पण पंखा याच ऑफिसातला आहे. पंख्याचा निर्णय न करता ऑफिस सोडणं म्हणजे असहमतीपासून पळ काढणं होईल.’’ खोलीतले सगळे गहिवरले. कुलकर्णीबाईंनी तर रुमाल काढला. नियमात ते चोख बसत होतं. आम्ही घाटकोपरलाच राहिलो. अंधेरीच्या त्या लिफ्टची आठवण माझे गुडघे अजून काढतात.

एकदा एक पत्रक काढायचं होतं. मसुदा एका ओळीचा होता, ‘युद्ध वाईट आहे.’ त्यावर लाल कार्ड आलं. कारण काय, तर मनापासून युद्ध करणाऱ्यांच्या भावना दुखावतील. मग एकेक शब्द गाळत गेलो. शेवटी ज्यावर सगळ्यांची सहमती झाली, त्या पत्रकात वर संस्थेचं नाव होतं आणि खाली तारीख. मधला कागद कोरा. वर्तमानपत्रांनी ते छापलं नाही. कुलकर्णीबाई म्हणाल्या, ‘‘त्यांना सत्य पचत नाही.’’

इतकं वाचून तुम्ही म्हणाल, ही बाई आपल्याच संस्थेची टर उडवतेय. उडवतेच आहे. पण मॅरमची गोष्ट सांगितल्याशिवाय नुसती टर उडवून पळाले, तर माझं मन मलाच खाईल.

मॅरम एका डोंगराळ भागातल्या शाळेची मुख्याध्यापिका. देशाचं नाव लिहीत नाही, कारण तिला अजून तिथेच राहायचंय. दोन गावं, मध्ये नदी, नदीवर माणसांपुरता पूल. शाळा अलीकडे, निम्मी मुलं पलीकडे. मारामाऱ्या झाल्या, माणसं मेली, पूल बंद पडला. मॅरम दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिली. अखेर म्हातारे कबूल झाले. शाळा उघडायच्या दिवशी पूल उघडू, पण पुलावर बाहेरची माणसं उभी पाहिजेत. तो दिवस हुकला तर पुन्हा बोलणी नाहीत.

आमची दोन माणसं बॅगा भरून तयार होती. फक्त वार्षिक सभेचा होकार हवा होता. त्या वर्षी सभा मनोरीला, समुद्राजवळच्या एका बंगल्यात. मार्व्याहून बोटीने पलीकडे जायचं. मॅरम पाहुणी म्हणून आली होती. रविवारी संध्याकाळी तिचं विमान, आणि लगेच पुढच्या आठवड्यात शाळा. म्हणजे रविवारी दुपारच्या बोटीत बसताना तिच्या हातात निर्णय असायला हवा होता.

शुक्रवारी सकाळी ठराव मांडला, माणसं पाठवावीत का? सगळी कार्डं हिरवी. मी आ वासून बघत राहिले. तेवढ्यात कुलकर्णीबाईंनी विचारलं, ‘‘लांबून ओळखू यावीत म्हणून त्यांना जॅकेट लागेल ना? कुठल्या रंगाचं?’’

प्रश्न रास्त होता. मी फळ्यावर लिहिलं, ‘जॅकेटचा रंग’. मुद्दा उघडला आणि मॅरमच्या पुलाला कुलूप लागलं.

पांढरा? पांढरा म्हणजे शरणागती. निळा? तो बंदूकधारी शांतिसैनिकांचा. हिरवा? तो नदीच्या एका काठाचा झेंडा. भगवट नारिंगी? रस्त्यावर काम करणारे समजून लोक हातात फावडी देतील. पिवळा? त्यावर लार्स म्हणाले, ‘‘पिवळं म्हणजे आपल्याकडे शंका. आपली माणसं शंका घालून पुलावर कशी उभी राहतील?’’ कुणीतरी पारदर्शक रेनकोट सुचवला. मग आतल्या शर्टाचा रंग उघडा झाला.

मॅरमला विचारलं. ती म्हणाली, ‘‘कुठलाही चालेल.’’

लार्स तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. ‘‘मॅरम, तू घाईत आहेस. घाईत असलेल्या माणसाची सहमती घेणं हा त्याच्यावर अन्याय होईल. तू शांतपणे विचार कर.’’

‘‘मी शांतच आहे,’’ ती म्हणाली. पेला तिने जरा जोरातच खाली ठेवला.

शनिवार सगळा रंगात गेला. बंगल्याची मालकीण फिलोमिनामावशी, तीच स्वयंपाकही करायची. ती दारात येऊन मला मराठीत विचारून जायची, ‘‘बाय, ठरला का रंग?’’

‘‘नाही ना मावशी.’’

‘‘मंग जेवण कुठल्या रंगाचा करू?’’

मी हे वर्तुळाला सांगायची हिंमत केली नाही. तो मुद्दाही उघडला असता.

रविवारी सकाळी मॅरमने आपली बॅग आणून दाराशी ठेवली. भिंतीला टेकून बॅगेवरच बसली. तिच्याकडे कुणाला बघवेना, मलाही. नोकरी लागल्यापासून तोंड बंद ठेवायची सवय झालेली, पण त्या सकाळी मला एकेकाच्या पाठीत धपाटा घालावासा वाटत होता.

अखेर एक नवा ठराव आला. ‘रंगाचा मुद्दा उघडाच ठेवावा आणि माणसं तात्पुरती पाठवावीत.’ म्हणजे पाठवण्याचा मुद्दाही उघडाच राहणार, पण माणसं तरी पोचणार. मी फळ्यावर लिहिलं. कुलकर्णीबाई उभ्या राहिल्या. ‘‘हे मला तत्त्वतः पटत नाही. पण मी आड येणार नाही.’’ त्यांनी खुर्ची उचलली आणि भिंतीशी जाऊन बसल्या.

ते बघून आणखी एकजण उठला. मग आणखी दोघी. प्रत्येकाला ठराव तत्त्वतः अमान्य, पण मोडता घालणं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं. खुर्च्यांचे पाय फरशीवर करकरत होते. बघता बघता भिंतीशी गर्दी झाली आणि वर्तुळात एकटे लार्स उरले.

आता सहमती त्यांची त्यांच्याशीच व्हायची होती. त्यांनी हिरवं कार्ड उचललं. खाली ठेवलं. पिवळं उचललं. मग माझ्याकडे वळून अगदी केविलवाण्या आवाजात म्हणाले, ‘‘सुलभा, माझं माझ्याशी एकमत होत नाहीये.’’

मी नियम आठवत उभी होते.

त्यांनी तिन्ही कार्डं एकावर एक रचून ठेवली. मग म्हणाले, ‘‘आणि एकट्याने ठरवलं तर ती हुकूमशाही होईल.’’ त्यांनी खुर्ची उचलली आणि तेही भिंतीशी गेले.

मधोमध मी, माझा फळा आणि रिकामी फरशी. बाहेर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. फिलोमिनामावशी हातात डाव घेऊन दारात. सगळे माझ्याकडे बघत होते. असं पूर्वी कधी झालं नव्हतं आणि त्यासाठी नियमही नव्हता. पण मौनाचा नियम होता. मी सरळ पुढच्या पायरीवर गेले. ‘‘मौन,’’ मी म्हटलं.

सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, कारण वर्तुळावर लक्ष ठेवायचं माझं कामच होतं. मी त्या रिकाम्या फरशीकडे टक लावून पाहत राहिले. तिथून लाल कार्ड आलं नाही.

‘‘मंजूर,’’ मी म्हटलं.

कुलकर्णीबाईंनी डोळे उघडले. ‘‘पण मंजूर कुणी केलं?’’

‘‘विरोध कुणी केला?’’ मी विचारलं.

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मग एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले आणि भिंतीशी बसलेल्या त्या सगळ्या मंडळींनी बोटं हलवली. फिलोमिनामावशीनेही डाव हलवला.

मॅरमला मार्व्यापर्यंत सोडायला मी बोटीतून गेले. अर्ध्या खाडीत तिने विचारलं, ‘‘सुलभा, निर्णय नक्की झाला ना?’’

‘‘झाला.’’

‘‘पण घेतला कुणी?’’

‘‘खरं सांगू? वर्तुळात कुणी नसताना झाला.’’

तीन दिवसांत ती पहिल्यांदा हसली. ‘‘आमच्याकडचे सगळे निर्णय खुर्चीतल्या माणसांनी घेतले. त्यापेक्षा हा बरा.’’

पूल उघडला. तिने फोटो पाठवला. आमचे दोघे पुलावर उभे, जॅकेट नसल्यामुळे आपापल्या कपड्यांत. एकाने फुलाफुलांचा शर्ट घातलेला. बाजूने पोरं दप्तरं घेऊन चाललेली, त्यातली दोन त्या शर्टाकडे बघून खिदळतायत. तो फोटो मी फ्रिजवर लावला. सासूबाईंनी विचारलं, ‘‘ह्यां कोणाचा लगीन?’’

मधे वर्षं गेली. पुलावरची माणसं आळीपाळीने बदलत राहिली, पण पुलावर कुणी ना कुणी उभं असायचं. तात्पुरतं.

आणि मग माझी शेवटची सभा. घाटकोपरलाच, दोनवर फिरणाऱ्या पंख्याखाली. आमच्याकडे निरोपाची एक पद्धत आहे. शाल-श्रीफळ नाही. निवृत्त होणाऱ्याला त्या दिवशी वर्तुळात खुर्ची मिळते आणि हातात तीन कार्डं. त्यांचा वापर कुणी करत नाही, तो मान असतो. मी नवी साडी नेसून गेले होते.

विषय एकच होता, पुलावरची माणसं परत बोलावणे. काम फत्ते झालं होतं. मोठ्या परिषदेत त्याचा अहवाल मांडायचा होता, आणि माणसं परत आल्याशिवाय अहवालावर ‘यशस्वी’ लिहिता येत नव्हतं. मॅरम पडद्यावर होती. केस पांढरे झालेले. ती पाहुणी, तिला कार्डं नाहीत. तिला दोन शब्द बोलायला सांगितलं.

‘‘मागच्या हिवाळ्यात तुमची दोन्ही माणसं एकदमच तापाने पडली,’’ ती म्हणाली. ‘‘काही दिवस पुलावर कुणी नव्हतं. कुणी कुणाला अडवलं नाही. धमकीसुद्धा दिली नाही. फक्त मुलं दोन्ही टोकांना येऊन उभी राहिली आणि परत घरी गेली. एवढंच सांगायचं होतं.’’

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांना वाईट वाटलं, अगदी खरं वाटलं. आणि मग कार्डं वर गेली. हिरवं. हिरवं. कुलकर्णीबाईंचं डोळे पुसत हिरवं. लार्सनी पिवळं उचललं, पडद्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि हिरवं दाखवलं. ज्या माणसाचा पंखा अजून ठरला नव्हता, तो याला झटक्यात हो म्हणाला! इतकी झकास सहमती मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. मला संताप आला. रंग ठरेना तेव्हा आला नव्हता इतका.

मी लाल कार्ड वर केलं.

खोलीत नुसता पंख्याचा आवाज. कुलकर्णीबाई कुजबुजल्या, ‘‘सुलभाताई, ते नुसतं मानाचं असतं हो.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘मग कारण द्यावं लागेल.’’

कारण माझ्याकडे होतं. टोकाला उभं राहून घरी गेलेली मुलं हे माझं कारण होतं. पण ते सगळ्यांनी आत्ताच ऐकलं होतं, माना हलवल्या होत्या, आणि हिरवं दाखवलं होतं. त्याने इथे काही होणार नव्हतं. आणि मला माझा फळा आठवला.

‘‘जॅकेटचा रंग ठरलेला नाही,’’ मी म्हटलं.

‘‘म्हणजे?’’

‘‘मनोरीला आपण माणसं पाठवण्याचा मुद्दा उघडा ठेवला, कारण रंगाचा मुद्दा उघडा होता. रंग बंद झाल्याशिवाय पाठवणं बंद होत नाही. पाठवणंच अजून पुरतं ठरलेलं नाही, तर परत कसं बोलावणार?’’

लार्स हळूहळू उभे राहिले. ‘‘सुलभाचं बरोबर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘रंग न ठरवता माणसं परत आणणं म्हणजे असहमतीपासून पळ काढणं होईल.’’

पुन्हा सगळे गहिवरले.

‘‘मग आत्ता ठरवून टाकू की,’’ कुणीतरी घाईने म्हणालं. ‘‘पांढरा! पांढऱ्याला कुणाची हरकत?’’

लार्सनी लाल कार्ड वर केलं. ‘‘पांढऱ्याला माझा विरोध आहे. कारण मी सविस्तर सांगेन. वेळ लागेल.’’ आणि ते बोलता बोलता त्यांनी दुसरा हात गुडघ्यावर ठेवून, मला एकटीला दिसतील अशी, बोटं हलवली.

पडद्यावर मॅरमने तोंडावर हात धरला होता. हसत होती की रडत होती, ते मला माझ्या चष्म्यातून दिसलं नाही. चष्मा ओला झाला होता.

नंतर मनात येतं, आमचे ते दोघे तिथे अडकले म्हणून दुसरा कुठला तरी पूल वाट बघत बसला असेल. त्या पुलाची मॅरम घाटकोपरपर्यंत पोचलीच नसेल. ती टोचणी आहे आणि ती जाणार नाही.

त्या दिवशी घरी आले. सासूबाई आता अंथरुणावरच असतात, पण दाराचा आवाज बरोबर ओळखतात.

‘‘थांबला काय गो ता युद्ध?’’

‘‘अडलंय, आई,’’ मी त्यांच्याजवळ बसत म्हटलं. ‘‘जॅकेटच्या रंगावर अडलंय.’’

त्यांनी थोडा विचार केला.

‘‘मगे ऱ्हवांदे तसाच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘रंग ठरवू नको.’’